पैसा बोस्टनचा, वही रत्नागिरीची

अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रत्नागिरीत आपलं ठाणं उघडलं ते १८७३ साली. त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १८२३ मध्ये, स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसं बाणकोटला येऊन पोचली होती आणि पुढे हर्णैपर्यंत त्यांचं काम पसरलं होतं. म्हणजे या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कामासाठी समुद्रापलीकडून पैसा येऊ लागला त्याला दोन शतकं झाली. एवढ्या काळात मिशनरी बदलले, राज्य बदललं, शाळा-दवाखान्यांवरच्या पाट्या बदलल्या. पैसे पाठवणारा आणि इथे राबणारा यांचं नातं नेमकं काय, हा वाद मात्र मिटलेला नाही.

तो वाद मी इथे मामा आणि भाची अशा दोघांच्या तोंडी घातला आहे. ही पात्रं माझी आहेत, पण त्यांची मतं मी मंडळीमंडळींतून ऐकलेली आहेत आणि दोन्ही मतांबद्दल मला आदर आहे. मामा निवृत्त शिक्षक, रत्नागिरीजवळच्या एका छोट्या मंडळीचे जुने खजिनदार. भाची मुंबईत धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासते. निमित्त एका पत्राचं. परदेशातल्या एका मंडळीने कळवलं आहे की पाळकगृहाचं छप्पर, मुलांचा अभ्यासवर्ग आणि एका सुवार्तिकाचा पगार यांसाठी दरवर्षी काही रक्कम पाठवायची त्यांची इच्छा आहे. पंचांच्या सभेपुढे पत्र जाण्याआधी मामांनी भाचीला बोलावून घेतलं आहे.

मामा : माझं मत साधं आहे. आभार मानावेत आणि नको म्हणून कळवावं.

भाची : छप्पर गळतंय ना पण?

मामा : गळतंय. दर पावसाळ्यात पाळकांची बायको बादल्या मांडते, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या आजोबांच्या पिढीला एक सवय लागली होती, 'मिशन बघेल' म्हणायची. कौलं फुटली, मिशन बघेल. पोराला शिकवायचंय, मिशन बघेल. मग साहेब गेले, मडम गेल्या आणि लक्षात आलं की पेटीत चार आणे टाकायची सवयच आपल्या हाताला नाही. ती लावायला आमची अख्खी पिढी खर्ची पडली. आता कुठे कापणीच्या सणाला लिलाव रंगतो. एखादी म्हातारी परसातला नारळ घेऊन येते आणि तो नारळ बाजारभावाच्या दहापट किमतीला जातो. घेणारा हसत पैसे मोजतो. त्या पैशावर कुणाचा हक्क नाही, कुणाचा अहवाल नाही. ते बिघडवायचं नाही मला.

भाची : आणि शेजारीपाजारी काय म्हणतील, तेही आहेच ना मनात?

मामा : आहे. का नसावं? पोटासाठी बाटले, हे आम्ही शाळेत ऐकलंय. १९५६ मध्ये नियोगी समितीचा अहवाल आला तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशातच होता, म्हणजे तो आपल्या मराठी मंडळ्यांबद्दलचाही अहवाल होता. त्यात परदेशी पैशावर सगळ्यात मोठं बोट ठेवलेलं होतं. माझा विश्वास माझ्या कमाईवर उभा आहे, हे मला ताठ मानेने सांगता आलं पाहिजे.

भाची : मग आधी कायद्याचं सांगते, म्हणजे निम्मा वाद इथेच संपेल. आपण हो म्हटलं तरी हे पैसे आज घेता येणार नाहीत. परदेशी देणगी घ्यायची तर केंद्रीय गृह खात्याकडे एफसीआरएची नोंदणी लागते. कायदा १९७६ मध्ये आला, २०१० मध्ये नवा झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने फार कडक झाला. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. आपल्या मंडळीचा खर्च तुम्हाला माहीतच आहे.

मामा : पंधरा लाख! आमच्या किती वर्षांच्या वह्या एकत्र कराव्या लागतील.

भाची : नोंदणी नसेल तर एका ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते, पण तीही सहज मिळत नाही. मिळाली तरी पैसे पहिल्यांदा दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरले पाहिजेत. कार्यालयीन खर्च वीस टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आधी पन्नासपर्यंत चालायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी आता दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मुंबई-पुण्यातली मोठी नोंदणीकृत संस्था पैसे घ्यायची आणि कोकणातल्या लहान संस्थांना वाटायची. ती वाट बंद झाली. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२२ मध्ये या दुरुस्त्या कायम ठेवल्या.

मामा : मग झालं तर. कायद्यानेच माझं काम केलं.

भाची : नाही मामा, तुमचं काम कायद्याने केलेलं नाही. कायदा म्हणतो, घेता येणार नाही. तुम्ही म्हणता, घेऊ नये. या दोन्हींत फार अंतर आहे. उद्या कायदा सैल झाला तर आपण काय करणार, ते मला आज ठरवायचंय.

(इथे मला भाचीची बाजू घ्यावीशी वाटते. २०२० नंतर अनेक मंडळ्यांत आता विषयच संपला, असा सूर लागला. काहींना हायसं वाटलं, काहींना हताश. पण बाहेरून दार बंद झालं म्हणून घरातला प्रश्न सुटत नाही. परदेशी पैसा येत होता तेव्हा तो कसा आला, कुणी अडवला, कुणी वाकवला, याचा आपल्याकडे जवळचा दाखला आहे आणि रत्नागिरीचं मिशन त्याच भांडणाच्या पोटी जन्मलं.)

भाची : कोल्हापूरचे वाइल्डर आठवतात ना?

मामा : रॉयल गूल्ड वाइल्डर. आमच्या कोल्हापूर मिशनचे आद्य मिशनरी. त्यांचं नाव घेतल्याशिवाय आमचा इतिहास सुरू होत नाही.

भाची : ते कुणाच्या पैशावर आले?

मामा : बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाच्या. त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला आले होते. अहमदनगरचं मराठी मिशनही त्यांचंच. वाइल्डर आधी नगरला शाळांचं काम बघत होते, १८५२ मध्ये कोल्हापूरला आले.

भाची : आणि मग बोस्टनहून कोण आलं?

मामा : रूफस अँडरसन. बोर्डाचे परदेश खात्याचे सचिव. १८५४-५५ मध्ये ते इकडची मिशनं बघायला आले. मोठा द्रष्टा माणूस गं. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः चालवावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, स्वतःची सुवार्ता स्वतः सांगावी, हे सूत्र त्यांनी मांडलं. मी आज जे बोलतोय ते अँडरसन तेव्हा बोलत होते.

भाची : ते सूत्र त्यांनी अमलात कसं आणलं, तेही सांगा.

मामा : त्यांनी सांगितलं, इंग्रजी शाळा आवरा, मराठीतून शिकवा, खेड्यांत मंडळ्या उभ्या करा, इथल्याच माणसांना पाळक नेमा.

भाची : सांगितलं नाही मामा, हुकूम सोडला. मुंबईची इंग्रजी शाळा बंद झाली. शाळा म्हणजेच सेवा असं मानणारे वाइल्डर त्यांना नकोसे झाले. १८५७ मध्ये वाइल्डर मायदेशी गेले आणि बोर्डाने कोल्हापूरचं काम सोडून दिलं. स्वावलंबनाचा इतका सुंदर विचार, पण तोही बोस्टनच्या टेबलावरून आला. कोल्हापुरातल्या किंवा नगरातल्या कुठल्या मराठी ख्रिस्ती माणसाला कुणी विचारलं होतं, की तुझ्या मुलाला कुठल्या भाषेत शिकवायचं? ज्याच्या हातात थैली त्याने ठरवलं की तुम्ही आता थैलीवर अवलंबून राहू नका. मला तुमच्या अँडरसनांचं सूत्र मान्य आहे, पण ते ज्या पद्धतीने लादलं गेलं ती मान्य नाही.

मामा : वाइल्डर तरी कुठे थांबले? १८६१ मध्ये ते परत आले, कुठल्याही बोर्डाचा आधार न घेता. ओळखीपाळखीच्या देणगीदारांच्या बळावर जवळजवळ दहा वर्षं कोल्हापूर चालवलं. बोर्डाविरुद्ध लिहिलंही. शेवटी १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे दिलं आणि त्यानंतर तीन वर्षांनी रत्नागिरीचं ठाणं उघडलं.

भाची : म्हणजे आपण पैशाच्या भांडणातून आलोय. एका बोर्डाने हात काढला, एका माणसाने देणग्या गोळा करून काम रेटलं, दुसऱ्या बोर्डाने हात पुढे केला. या तिन्ही वेळा निर्णय अमेरिकेत नाहीतर अमेरिकन माणसाच्या डोक्यात झाला. पैसा परदेशी होता ही माझी तक्रार नाही. मंडळीला या हिशेबात बसायला जागा नव्हती, ही आहे.

मामा : तू निम्मंच बोलतेस. जागा नव्हती, कारण आमच्या खिशात काही नव्हतं. देणाराच ठरवतो, ही जगरहाटी आहे. तेवढ्यासाठीच मी म्हणतो, घेऊ नका. बघ, १८९० मध्ये चीनमधले प्रेस्बिटेरियन मिशनरी जॉन नेव्हियस सोलला गेले आणि कोरियातल्या तरुण मिशनऱ्यांना त्यांनी सांगितलं, स्थानिक कार्यकर्त्याला मिशनचा पगार देऊ नका, चर्च स्थानिक लोकांना स्वतःच्या पैशाने बांधू द्या. ज्या बोर्डाचं रत्नागिरी, त्याच बोर्डाचे नेव्हियस. कोरियाने ते पाळलं आणि आज कोरियाच्या मंडळ्या जगभर मिशनरी पाठवतात. आपल्याकडे मात्र पगारी बायबलबाई, पगारी मास्तर, पगारी सुवार्तिक असा डोलारा उभा राहिला.

भाची : कोरियाचं मान्य. पण वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल रविवारच्या पेटीवर उभं राहिलं असतं?

मामा : वेंगुर्ला वेगळं.

भाची : वेगळं कसं? तेव्हा वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला. मिशन तेच. डॉक्टर गोहीन तिथे राबले. मुंबईला जायचं तर बोट पकडावी लागायची, अशा काळात त्या किनाऱ्यावर शस्त्रक्रिया होत होत्या. मिरजेला डॉक्टर वॉनलेसनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं, तेही याच मिशनचं. त्या खाटांवर झोपलेल्या माणसांतले बहुतेक ख्रिस्ती नव्हते. त्यांच्यासाठी पैसा फिलाडेल्फियातून आला की न्यूयॉर्कमधून, याची लाज कुणी का धरावी?

मामा : लाज धरा असं मी म्हणत नाही.

भाची : नाही, पण ताठ मान फक्त आपल्या पैशावरच राहते, असं म्हणता. आणि हेही धरा की तो व्यवहार एकतर्फी नव्हता. त्या डॉक्टर गोहीनांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत होऊन दिल्लीला आला. त्या किनाऱ्याने अमेरिकेला काय दिलं, ते कुठल्या जमाखर्चात मांडायचं?

मामा : मग मीही दापोलीचं सांगतो, तुझ्याच बाजूचं आहे ते. लंडनच्या एसपीजी मिशनने दापोलीला हायस्कूल चालवलं. पांडुरंग वामन काणे तिथूनच १८९७ मध्ये मॅट्रिक झाले. ज्यांनी पुढे धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला आणि भारतरत्न मिळवलं, त्यांची शाळा इंग्लंडमधल्या भाविकांच्या वर्गणीवर चालत होती. पालगडहून येणारे साने गुरुजीही त्याच मिशन शाळेचे विद्यार्थी. शाळेला आजही आल्फ्रेड गॅडनी यांचं नाव आहे आणि ती दापोलीतली स्थानिक संस्था चालवते.

भाची : मामा, हे उदाहरण तुम्ही माझ्या हातात दिलंत.

मामा : दिलं. पण त्यातलं काय महत्त्वाचं, ते ऐक. शाळा अखेर स्थानिक लोकांच्या हाती आली म्हणून टिकली. सोपवायचं ठरवून दिलेला पैसा वेगळा आणि धरून ठेवायला दिलेला पैसा वेगळा. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. मुंबईतले मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांचे सोबती फ्री चर्चमध्ये गेले, तेव्हा मिशनच्या इमारती जुन्या चर्चकडे राहिल्या. माणसं एकीकडे, भिंती दुसरीकडे. आज महाराष्ट्रात मिशन कंपाउंडच्या जमिनी कुणाच्या, यावर धर्मादाय आयुक्तांपासून उच्च न्यायालयापर्यंत खटले चाललेत ना, त्याचं मूळ तिथेच आहे. मिशनने इमारत दिली, पण वही दिली नाही. मग एक दिवस वही वाऱ्यावर सुटली आणि ज्याच्या हाती लागली तो मालक झाला.

(मामांच्या या वाक्यापाशी मला थांबावंसं वाटतं. मराठी मंडळ्यांनी जमिनीच्या खटल्यांत जी ताकद घालवली, ती पाहून जीव तुटतो. ज्या जागेवर दवाखाना हवा, वसतिगृह हवं, तिथे तारखा पडतात. दोष एकट्या परदेशी मिशनचा नाही. ज्यांना आयती मालमत्ता मिळाली त्यांना हिशेब मांडायची शिस्त कुणी लावली नाही, आणि ती आपल्या आपण लावून घ्यावी असं फार थोड्यांना वाटलं.)

मामा : म्हणून मला टिळक मोठे वाटतात. नारायण वामन टिळक, आपल्या जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यासी वृत्तीने 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्त हिंदी माणसाच्या घरी हिंदी माणसासारखा यावा, मिशनच्या पगारपत्रकातून येऊ नये, ही त्यांची तळमळ.

भाची : टिळक मलाही प्रिय आहेत. पण त्याआधीची वीस-बावीस वर्षं त्यांची चूल कशावर पेटली? लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचा. पैसा हातात टिकत नव्हता, तरी घर चाललं, मुलं शिकली. टिळकांनी जिथे लिहिलं तो 'ज्ञानोदय' १८४२ पासून मिशननेच चालवला. पगार सोडण्याइतकं मोठं होण्याआधी कुणीतरी पगार दिला होता. तो देणारा परदेशी होता म्हणून टिळकांचा आवाज परदेशी झाला नाही.

मामा : कारण ते टिळक होते. शंभरांतल्या नव्याण्णवांचा होतो.

भाची : रमाबाईंचं काय मग? पंडिता रमाबाईंसाठी १८८७ मध्ये बोस्टनला संघ स्थापन झाला, दहा वर्षं मदत करायचं वचन देऊन. त्यावर १८८९ मध्ये शारदा सदन सुरू झालं. देवरुखच्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, तिथेच शिकल्या. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलं, रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळातली थोर माणसं बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. तेव्हा बोस्टनच्या बायका काय म्हणाल्या? त्यांनी चौकशी केली, रमाबाईंचं ऐकून घेतलं आणि मदत चालू ठेवली. जवळचे तेवढे समजूतदार आणि लांबचे तेवढे मालक, असं गणित नसतं.

मामा : हे उदाहरण चांगलं आहे. पण रमाबाई अमेरिकेत स्वतः फिरल्या, स्वतः बोलल्या, पैसे कशाला हवेत हे स्वतः सांगितलं. त्यांच्याकडे कुणी तयार योजना घेऊन आलं नव्हतं. आणि हे पत्र बघ. छप्पर, अभ्यासवर्ग, सुवार्तिक, तिन्ही गोष्टी त्यांनी ठरवल्यात. आपल्याला कुणी विचारलं?

भाची : नाही विचारलं. आणि या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूची आहे.

मामा : आलीस ना?

भाची : पण नकार द्यायला नाही, वेगळं उत्तर द्यायला. मामा, आपल्या कोकणात चाकरमान्यांच्या पैशावर काय काय उभं राहिलंय? गावची शाळा, देऊळ, पाण्याची टाकी, सगळं मुंबई मंडळाच्या वर्गणीतून. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये झालं ते भागोजीशेठ कीरांच्या पैशावर आणि शेठनी तो पैसा मिळवला मुंबईच्या कंत्राटांत. गावाने कधी म्हटलं का, मुंबईचा पैसा नको?

मामा : म्हटलं नाही. पण मुंबई मंडळ आणि ग्रामस्थ यांची भांडणंही मी बघितलीत. मुंबईकर म्हणतात, स्लॅब टाका. गावकरी म्हणतात, कौलच बरं. मुंबईकर म्हणतात, मग पैसे परत द्या.

भाची : आणि जिथे भांडण झालं नाही तिथे काय होतं?

मामा : गावात समिती असते, वही गावात असते आणि मे महिन्यात मुंबईकर आले की चावडीवर सगळ्यांसमोर जमाखर्च वाचला जातो. मुंबईकरांचाही. कुणाची किती वर्गणी थकलीय, तेही.

भाची : तेच मला हवंय! 'मुंबईकरांचाही.' १९१० मध्ये एडिंबराच्या जागतिक मिशन परिषदेत भारतातून गेलेले व्ही. एस. अझरिया उभे राहिले. त्यांचा रोख हाच होता, की मिशनऱ्यांनी त्याग केला, संपत्ती दिली, पण मैत्री दिली नाही. जेवायला बसवून घेण्याइतकी बरोबरी दिली नाही. मिशनने आमच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागितला, पण बोस्टनच्या सभेत काय ठरलं, कुणी किती दिलं, मिशनऱ्याचा पगार किती आणि देशी पाळकाचा किती, हे आमच्या पंचांपुढे कुणी वाचून दाखवलं? १९४७ मध्ये कॅनडातल्या व्हिटबीच्या परिषदेत भागीदारीची भाषा आली. ठराव सुंदर होते, वह्या मात्र एकतर्फीच उघड्या राहिल्या.

मामा : म्हणूनच १९७१ मध्ये केनियाचे जॉन गाटू म्हणाले, काही काळ पैसेही पाठवू नका आणि माणसंही पाठवू नका. आम्हाला आमचे पाय सापडू द्या.

भाची : मला गाटूंचं दुःख कळतं. पण पौलाने काय केलं? मासेदोनियाच्या मंडळ्या गरीब होत्या. त्यांनी यरुशलेमच्या मंडळीसाठी वर्गणी काढली. यरुशलेम म्हणजे जिथून त्यांना सुवार्ता आली ते ठिकाण. पैसा धाकट्या मंडळीकडून थोरल्या मंडळीकडे गेला. आणि पौलाने तो एकट्याने नेला नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. फिलिप्पैकरांची मदत त्याने आनंदाने घेतली, करिंथकरांकडून मात्र घेतली नाही, स्वतः तंबू शिवले. म्हणजे घ्यायचं की नाही याचा एकच नियम त्याने केला नाही. कुणाशी नातं कसं आहे, ते बघून ठरवलं.

मामा : करिंथकरांकडून का नाही घेतली, ते लक्षात घे. तिथे देणारे उपकाराची भाषा बोलले असते.

भाची : हो. म्हणून पत्राला उत्तर देताना आधी हे बघू, की ही माणसं फिलिप्पैकर आहेत की करिंथकर.

मामा : ते कसं कळणार?

भाची : विचारून. तुम्ही मसुदा सांगा, मी लिहिते.

मामा : पहिलं, सुवार्तिकाचा पगार आणि पाळकांचा पगार कुणाकडूनही घेणार नाही, कायदा सैल झाला तरी. आमच्या व्यासपीठावर उभं राहणाऱ्याचं पोट आमच्याच पेटीतून भरलं पाहिजे.

भाची : मान्य. यावर मी वाद घालणार नाही. दुसरं छप्पर. आपल्या मंडळीची निम्मी घरं मुंबईत, काही आखातात, काही बोटीवर. परदेशात राहणारा माणूस भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं त्यांचं मात्र घेता येणार नाही. पावती फाडताना पासपोर्टची प्रत मागायची, संकोच करायचा नाही.

मामा : छप्पर आपलं आपणच करायचं, हे मी सुरुवातीलाच म्हटलं होतं. अभ्यासवर्ग?

भाची : तो तिकडच्या पैशाशिवाय सुरू करू. मंडळीत तीन निवृत्त शिक्षक आहेत, त्यातले एक माझ्यासमोर बसलेत. तिकडच्या मंडळीला पैसे द्यायचेच असतील तर ज्यांची नोंदणी आहे अशा एखाद्या हॉस्पिटलला थेट द्यावेत, आपल्या हातून नाही. आणि त्यांना लिहू, की तुमचं वार्षिक अंदाजपत्रक आम्हाला पाठवा, आम्ही आमचं पाठवतो. तुमच्याकडे कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, किती तरुण चर्चला येईनासे झालेत, ते कळवा. आम्ही प्रार्थनासभेत नावं घेऊ.

मामा : हे त्यांना अपमानाचं वाटलं तर?

भाची : तर ते करिंथकर. पण मामा, एक प्रश्न तुम्हालाही आहे. दुपारपासून आपण घ्यायचं की नाही, यावर बोलतोय. आपली मंडळी बाहेर काय देते?

मामा : बाहेर म्हणजे?

भाची : आपल्या भिंतीपलीकडे. मिझोरामच्या बायका शंभर वर्षांहून जास्त काळ रोज स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात. ते तांदूळ विकून त्यांचं चर्च दूरदूरच्या राज्यांत मिशनरी पाठवतं. श्रीमंत राज्य नाही ते. १९०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली, हिंदी माणूस, हिंदी पैसा, हिंदी कारभार, असं ठरवून. आपण स्वावलंबी आहोत असं म्हणतो, पण स्वतःपुरतं कमावून स्वतःवर खर्च करणं एवढंच आपलं स्वावलंबन आहे. जो कुणाला देत नाही त्याच्याशी भागीदारी कोण कशी करणार?

मामा : परदेशात पाठवायचं म्हणतेस?

भाची : परदेशात खर्च केलेल्या रकमेवर ट्रस्टला करसवलत मिळत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. तिकडे नकोच. संगमेश्वराकडच्या वाडीत जी चार कुटुंबं महिन्यातून एकदा जमतात, त्यांच्याकडे जाणाऱ्या पाळकाला एसटीचं भाडं कोण देतं? मिरजेला गोरगरीब रुग्ण जातात, त्यांच्यासोबत राहणाऱ्या माणसाच्या जेवणाचं काय? दहा टक्के बाजूला काढू. कापणीच्या सणाचा लिलाव यंदा त्यासाठीच ठेवू.

मामा : आधी छप्पर होऊ दे. पावसाला दोन महिने आहेत.

भाची : मासेदोनियाच्या लोकांनी आधी आपलं छप्पर केलं असतं, तर यरुशलेमला काही पोचलं नसतं.

मामा : पाळकांच्या बायकोला मी काय सांगू मग? बादल्या मांड, आम्ही संगमेश्वराला एसटीचं भाडं देतोय? तू मुंबईत राहतेस, तुझ्या घरात गळत नाही. हे मला पटणार नाही आणि पंचांनाही पटणार नाही.

भाची : पाच टक्के?

मामा : पाच टक्के मांडतो. छप्पर झालं की दहाचं बोलू. पत्रात मात्र हेही लिही, की आमच्या जमाखर्चात यंदापासून बाहेरच्या कामाचं खातं उघडलंय. ते नुसतं लिहून भागणार नाही, म्हणून मागच्या तीन वर्षांची ऑडिट झालेली पत्रकं झेरॉक्स करून सोबत जोड. रविवारी उपासनेनंतर सभा आहे, त्याच्या आत मला मसुदा दे.